शेजार बदलला की हाक बदलते

मृगाचा पहिला जोरदार पाऊस होऊन गेला की रात्री जेवणं आटोपून खाचराच्या बांधावर जाऊन उभं राहायचं, ही माझी जुनी सवय. पहिली पाच मिनिटं नुसता गलका कानावर आदळतो. मग हळूहळू कान बसतो आणि गलक्यातले पदर सुटे व्हायला लागतात. पाण्याच्या मधोमध पिवळेधमक झालेले मोठे बेडूक घसा ताणून ओरडत असतात. कडेच्या गवतात अंगठ्याएवढ्या बेडकांची किरकिर चाललेली असते. त्याच्याही पलीकडे, करवंदीच्या जाळीत कुणीतरी एकसारखं टिक-टिक-टिक करत बसलेलं असतं. आपण या सगळ्याला ‘डराव डराव’ या एकाच शब्दात गुंडाळून टाकलं आहे.

मोठ्या पिवळ्या बेडकाचा आणि जाळीतल्या इवल्या बेडकाचा आवाज वेगळा असणार, यात नवल नाही. ढोल आणि टिमकी एकसारखे वाजत नाहीत. पण दोन बेडूक जेव्हा अगदी जवळच्या नात्याचे असतात, एकाच पूर्वजापासून फुटलेल्या दोन जातींचे, रंग तोच, आकार तोच, विणीचा हंगाम तोच आणि डबकंही तेच, तेव्हा काय होतं? त्यांच्या पूर्वजाची हाक एकच होती. मग या दोघांच्या हाका वेगळ्या कशा झाल्या? आणि एका काळोख्या डबक्यात दोघं शेजारी-शेजारी ओरडत असताना मादी आपल्या जातीचा नर शोधते कशी?

या प्रश्नांचा सगळ्यात चिकाटीने पाठपुरावा अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात झाला आहे. त्यामुळे आपल्यालाही खाचराचा बांध सोडून जरा लांब जावं लागेल.

आधी हाक म्हणजे काय ते पाहू. ओरडताना बेडूक तोंड उघडत नाही. तोंड आणि नाकपुड्या बंद करून तो पोटाचे आणि कुशीचे स्नायू आवळतो, फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून पुढे ढकलतो, आणि ती गळ्याखालच्या फुग्यात भरते. फुगा आवाज बाहेर फेकतो आणि तीच हवा परत फुप्फुसात येते. पुन्हा ढकल, पुन्हा परत. रात्रभर. हे काम किती कष्टाचं असतं याची कल्पना आपल्याला येत नाही, कारण बेडूक जागचा हलत नाही. अमेरिकेतल्या एका झाडबेडकावर 1985 मध्ये झालेल्या अभ्यासात ओरडणाऱ्या नराने वापरलेला ऑक्सिजन मोजला, तर तो त्याच नराला पळवून-पळवून दमवल्यावर लागतो त्याहूनही जास्त निघाला.

हाकेत दोन गोष्टी मुख्य. एक तिची पट्टी, म्हणजे आवाज जाड की बारीक. ती बरीचशी अंगाच्या आकारावर ठरते. दुसरी तिची लय. पुष्कळ बेडकांची हाक अखंड सूर नसते, ती लागोपाठच्या बारीक ठोक्यांची माळ असते. ठोके इतके जवळजवळ असतात की आपल्या कानाला ती नुसती ‘टर्रर्र’ वाटते. कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढून पाहा. सावकाश ओढलं तर एकेक दाता वेगळा ऐकू येतो, भर्रकन ओढलं तर सलग आवाज येतो. आकाराने सारख्या असलेल्या दोन जातींची पट्टी फारशी वेगळी होऊ शकत नाही. मग फरक पडायला जागा उरते ती लयीत.

आता मादीकडे वळू. खरं तर या सगळ्या गोष्टीचा कणा मादीच आहे. नराने चुकीच्या जातीच्या मादीला मिठी घातली तर त्याची एखादी रात्र वाया जाते. मादीने चुकीचा नर निवडला तर तिच्या पोटातली शेकडो अंडी, काही जातींत तर वर्षभराची सगळी कमाई, एका झटक्यात मातीमोल होते. संकरातून झालेली पिल्लं बहुतेक वेळा कमजोर निघतात, किंवा मोठी होतात पण वांझ राहतात. म्हणून नर मिळेल त्याच्यावर झेप घेतो आणि मादी ऐकत बसते.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात राखाडी झाडबेडकांच्या दोन जाती आहेत, हायला व्हर्सिकलर आणि हायला क्रिसोसेलिस. दोन्हींची कातडी झाडाच्या सालीसारखी, मांडीच्या आतल्या बाजूला पिवळा-नारिंगी रंग. हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिलं तरी कुठला कोण ते सांगता येत नाही. फरक आहे तो पेशीच्या आत. क्रिसोसेलिसमध्ये 24 गुणसूत्रं असतात आणि व्हर्सिकलरमध्ये बरोबर दुप्पट, म्हणजे 48. दुसरा फरक हाकेत. 20 अंश तापमानाला व्हर्सिकलर सेकंदाला साधारण 20 ठोके देतो, क्रिसोसेलिस 40 च्या आसपास. ज्याने तबला ऐकला आहे त्याला हे लगेच कळेल: एक जण बरोबरीच्या लयीत वाजवतोय, दुसरा दुगुनीत.

मिसूरी विद्यापीठातले कार्ल गेऱ्हार्ट यांनी आपलं जवळजवळ सगळं आयुष्य या दोन बेडकांना दिलं. त्यांच्या प्रयोगाची पद्धत इतकी साधी आहे की मला ती पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. अंडी घालायच्या बेतात असलेली मादी तळ्यावरून, बहुधा नराच्या मिठीतूनच, सोडवून आणायची. अंधाऱ्या खोलीत मधोमध एका छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात तिला ठेवायची. दोन टोकांना दोन स्पीकर. त्यांतून आळीपाळीने दोन हाका वाजतात. दोन्ही तयार केलेल्या, पट्टी एक, लांबी एक, मोठेपणा एक, फरक फक्त लयीचा. मग दोरी ओढून पिंजऱ्याचं झाकण वर उचललं जातं. मादी लगेच निघत नाही. बसून राहते. डोकं थोडं डावीकडे वळवते, थांबते. एक उडी, पुन्हा थांबा. पुन्हा डोकं वळवून अंदाज. आणि मग एकदा का मनाशी ठरलं की टप्प्याटप्प्याने सरळ एका स्पीकरपाशी जाऊन पोचते, कधी कधी तर त्याला अंग लावून बसते. तिथे नर नाही, नराचा वास नाही, पाणी नाही. फक्त लय आहे. तेवढ्यावर तिचं काम भागतं.

यात एक अडचण आहे. बेडकाचं रक्त आपल्यासारखं एका तापमानाला बांधलेलं नसतं. रात्र थंड असेल तर सगळेच स्नायू सावकाश चालतात आणि ठोक्यांची गती मंदावते. उबदार रात्री ती वाढते. म्हणजे गारठ्यात ओरडणारा क्रिसोसेलिस उबेत ओरडणाऱ्या व्हर्सिकलरच्या लयीच्या जवळ येऊ शकतो. मग मादी फसत नाही का? गेऱ्हार्ट यांनी 1978 मध्ये दाखवून दिलं की तापमानाबरोबर मादीची आवडही सरकते. गार पडलेल्या मादीला गार पडलेल्या नराची लय हवीशी वाटते, उबेतल्या मादीला उबेतल्या नराची. घसा आणि कान एकाच थंडीने सारखेच मंदावतात, आणि जोडी जुळलेली राहते.

गुणसूत्रं दुप्पट होण्याचा आणि लय निम्मी होण्याचा संबंधही अभ्यासला गेला आहे. जास्त गुणसूत्रं असली की पेशी आकाराने मोठ्या होतात, आणि मोठ्या पेशींमुळे ठोक्यांचा वेग उतरतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टकर आणि गेऱ्हार्ट यांनी क्रिसोसेलिसचीच, पण गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली पिल्लं वाढवली. मोठ्या झालेल्या नरांची हाक संथ झाली होती, आणि माद्यांची आवडही संथ हाकेकडे झुकली होती. या बेडकांच्या बाबतीत मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. नवी हाक निघणं सोपं आहे. पण ती आवडणारी मादीच नसेल तर त्या हाकेला भविष्य नाही. इथे एकाच बदलाने दोन्ही कामं केली.

मादीच्या मेंदूत लय मोजली कशी जाते याचाही थोडा माग लागला आहे. बेडकांच्या मध्यमेंदूत काही चेतापेशी अशा सापडल्या की ठरावीक अंतराने ठरावीक संख्येने ठोके पडल्यावरच त्या जाग्या होतात. मध्येच एक ठोका अवेळी पडला की मोजणी पुन्हा शून्यावर. एडवर्ड्स, आल्डर आणि रोझ यांचा हा शोध 2002 चा. या पेशी जणू मात्रा मोजत बसलेल्या असतात.

गोंगाटाचं काय, हा प्रश्न तरीही राहतोच. एका तळ्यात पाच-सात जाती एकदम ओरडत असतील तर आपली हाक ऐकू तरी कशी येणार? त्यावरचं एक उत्तर 2021 मध्ये मिळालं. अमेरिकेतल्या हिरव्या झाडबेडकाच्या मादीची फुप्फुसं हवेने फुगलेली असली की तिच्या कानाचा पडदा काही पट्ट्यांना कमी दाद देतो. त्या पट्ट्या नेमक्या तिच्या जातीच्या नसतात. तिच्या नराची हाक जाड आणि बारीक अशा दोन पट्ट्यांवर जोर देते. त्या दोन्हींच्या मधल्या भागात इतर जातींची वर्दळ असते, आणि तेवढाच भाग फुप्फुसं दाबतात. श्वास घ्यायचं इंद्रिय ऐकण्यातली गर्दी कमी करतं, हे कुणी सांगितलं असतं तर मी आधी विश्वास ठेवला नसता.

इथवर आपण पाहिलं की दोन जाती एकमेकींना वेगळं कसं ओळखतात. पण हाका वेगळ्या *होतात* कशा, हा मूळ प्रश्न अजून तसाच आहे.

एक शक्यता अशी की काहीच विशेष घडत नाही. एका जातीचे दोन गट डोंगराने किंवा समुद्राने हजारो वर्षं वेगळे पडले, दोघांच्या हाका आपापल्या वाटेने हळूहळू बदलल्या, आणि पुन्हा भेट झाली तेव्हा त्या आधीच वेगळ्या होत्या. अशी उदाहरणं आहेत. दुसरी शक्यता जास्त गुंतागुंतीची. पुन्हा भेट झाली तेव्हा हाका थोड्याच वेगळ्या होत्या. काही माद्या चुकल्या, त्यांची संकरित पिल्लं पुढे टिकली नाहीत. ज्या माद्या काटेकोर होत्या त्यांची पिल्लं टिकली, आणि आईचा काटेकोर कान मुलींकडे आला. तसंच ज्या नरांची हाक शेजारच्या जातीपासून जरा जास्त लांब होती, त्यांच्याकडे माद्या बिनचूक आल्या. पिढ्यानपिढ्या हेच होत राहिलं, आणि दोन्ही हाका एकमेकींपासून दूर ढकलल्या गेल्या. म्हणजे संकराचं नुकसानच जातींमधली भिंत पक्की करत गेलं. थिओडोसियस डोब्झान्स्की या शास्त्रज्ञाने ही कल्पना 1937 च्या सुमारास नीट मांडली.

ती तपासायची कशी? उत्क्रांती डोळ्यांसमोर चालत नाही. पण नकाशा मदतीला येतो. दोन जातींचे प्रदेश काही भागातच एकमेकांवर येत असतील, तर तीन ठिकाणी जायचं: जिथे फक्त पहिली जात आहे, जिथे फक्त दुसरी आहे, आणि जिथे दोन्ही आहेत. शेजाराचा परिणाम खरा असेल तर एकट्या राहणाऱ्या बेडकांच्या हाका एकमेकींच्या जवळ असतील आणि एकत्र राहणाऱ्यांच्या लांब. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला मरे लिटलजॉन यांनी दोन झाडबेडकांवर हेच करून पाहिलं आणि 1965 मध्ये प्रसिद्ध केलं. लांब-लांब राहणाऱ्यांच्या हाका जवळजवळ सारख्या, आणि एकत्र राहणाऱ्यांच्या ठोक्यांमध्ये ठळक फरक. आजही हे उदाहरण शिकवलं जातं.

लिटलजॉन यांचा एक तरुण सहकारी होता, जॅस्पर लॉफ्टस-हिल्स. अमेरिकेत टेक्सासमध्ये तो अरुंद तोंडाच्या दोन बेडकांच्या हाका नोंदवत होता. आपल्याकडचे मायक्रोहायला नावाचे बेडूक ज्या कुळातले, त्याच कुळातले हे बेडूक. 1974 साली रात्री असाच आवाज टिपत असताना एका गाडीने त्याला उडवलं आणि गाडी तशीच निघून गेली. तिशीही गाठली नव्हती त्याने. त्याचं काम लिटलजॉन यांनी अठरा वर्षांनी, 1992 मध्ये, दोघांच्या नावाने प्रसिद्ध केलं. प्वेर्तो रिकोतल्या एका सोनेरी बेडकाला त्याचं नाव दिलं आहे. तो बेडूकही 1981 नंतर कुणाला दिसलेला नाही.

मला स्वतःला सगळ्यात पटणारं उदाहरण मात्र अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दोन चिमुकल्या बेडकांचं आहे. दोन्ही स्यूडॅक्रिस या गटातले, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे. एकाचं नाव फेरिॲरम, दुसऱ्याचं निग्रिटा. थंडी सरता-सरता, पावसाचं पाणी साचलेल्या रस्त्याकडेच्या चरांमध्ये ते ओरडायला लागतात. निग्रिटा किनाऱ्यालगतच्या सखल प्रदेशाचा रहिवासी. त्याची हाक संथ, कंगव्याचा एकेक दाता मोजून घ्यावा अशी. फेरिॲरम मुख्यतः आतल्या, चढाच्या प्रदेशात राहतो. त्याची हाक जास्त जलद. पण काही भागात तो खाली उतरून निग्रिटाच्या मुलखात आलेला आहे, आणि तिथे दोघं एकाच चरात ओरडतात.

1975 मध्येच फुकेट नावाच्या संशोधकाने टिपलं होतं की एकत्र राहतो तिथला फेरिॲरम एकट्याने राहणाऱ्या फेरिॲरमपेक्षा जलद ठोके देतो. संथ हाकेच्या शेजाऱ्यापासून तो जणू उलट दिशेने पळाला आहे. पुढे एमिली मोरिआर्टी लेमन यांनी हाच धागा उचलला आणि अनेक ठिकाणच्या हाका गोळा केल्या. त्यांचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. दोघांची सरमिसळ असलेल्या सगळ्या जागी हाक सारख्याच रीतीने बदललेली नव्हती. कुठे ठोक्यांचा वेग वाढला होता, कुठे एका हाकेतली ठोक्यांची संख्या. म्हणजे शेजाऱ्यापासून लांब जाण्याची गरज सगळीकडे एकच होती, पण वाटा निरनिराळ्या निघाल्या.

याचा पुढचा परिणाम लक्षात घ्या. फ्लोरिडातल्या एका नदीकाठचा फेरिॲरम निग्रिटापासून लांब जाता जाता आतल्या प्रदेशातल्या स्वतःच्याच भाऊबंदांपासूनही लांब गेला. तिथल्या मादीला आता आपल्या चरातली नवी हाक हवी असते. दूरच्या भाऊबंदांची जुनी हाक तिला तितकी भावत नाही. भिंत बांधायला घेतली शेजाऱ्याशी, आणि ती उभी राहू लागली घरातच.

संकराचं नुकसान इथे खरोखर होतं का, तेही तपासलं गेलं. लेमन यांच्या गटाने संकरित बेडूक वाढवून पाहिले. संकरित नरांची प्रजननक्षमता घटलेली होती. शिवाय त्यांची हाक अधलीमधली, ना धड या लयीची ना त्या. माद्या तिच्याकडे जात नव्हत्या. जगणं जमलं तरी जोडीदार मिळणं जमत नाही, हेही नुकसानच.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पर्जन्यवनात ही गोष्ट आणखी एक पाऊल पुढे गेली आहे. तिथे एका हिरवट-तपकिरी झाडबेडकाचे उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे असे दोन वंश आहेत, फार जुन्या काळापासून वेगळे पडलेले. कुरांडा गावाजवळ दक्षिण वंशाचा एक छोटा गट उत्तर वंशाच्या वेढ्यात सापडला. दक्षिणेची मादी आणि उत्तरेचा नर अशी जोडी जमली तर पिल्लं भैकेर अवस्थेतच, म्हणजे बेडूकमासे असतानाच, मरतात. त्यामुळे त्या गटातल्या माद्यांचा कान कमालीचा काटेकोर झाला, आणि नरांची हाक वेगळी झाली. इतकी वेगळी, की हा गट आता स्वतःच्या मूळ दक्षिण वंशापासूनही तुटला आहे. कॉनरॅड हॉस्किन आणि सहकाऱ्यांनी हे 2005 मध्ये मांडलं, आणि 2007 मध्ये त्या गटाला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं, लिटोरिया मायोला. थोड्याशा ओढ्यांपुरतं तिचं जग आहे आणि ती नामशेष होण्याच्या काठावर उभी आहे.

इतकं वाचून असं वाटेल की काटेकोर कान हा निव्वळ फायद्याचा सौदा आहे. तसं नाही. मादीला हाकेतून दोन गोष्टी काढायच्या असतात: हा माझ्या जातीचा आहे का, आणि हा चांगला, धट्टाकट्टा नर आहे का. दोन्ही उत्तरं एकाच हाकेत दडलेली असतील तर ती एकमेकांच्या आड येऊ शकतात.

ॲरिझोनाच्या वाळवंटात जमीन उकरून राहणारे स्पेडफूट नावाचे बेडूक आहेत. वर्षातला बहुतेक काळ ते जमिनीखाली काढतात. तिकडेही उन्हाळ्यात पाऊस येतो, आणि तिथले लोकही त्याला मॉन्सूनच म्हणतात. पहिल्या वादळी पावसाच्या रात्री बेडूक वर येतात आणि बराचसा कारभार त्या एका रात्रीतच उरकतात. कॅरिन फेनिग यांनी त्यांच्यातल्या दोन जातींचा अभ्यास केला, स्पिया मल्टिप्लिकेटा आणि स्पिया बॉम्बिफ्रॉन्स. जिथे मल्टिप्लिकेटा एकटीच राहते तिथल्या माद्यांना भराभर ओरडणारा नर आवडतो. तसा नर तब्येतीने चांगला असतो आणि त्याच्यासोबत जास्त अंडी फलित होतात. पण बॉम्बिफ्रॉन्सची हाक मुळातच जलद आहे. जिथे ती शेजारी आहे तिथे ‘जितका जलद तितका बरा’ हा नियम मादीला थेट परक्या नराच्या दारात नेऊन सोडेल. म्हणून तिथल्या माद्या मध्यम गतीचा नर निवडतात. त्यांची फसगत टळते, पण किंमत मोजून. त्यांची कमी अंडी फलित होतात.

राखाडी झाडबेडकांतही असाच मागमूस आहे. जिथे व्हर्सिकलर शेजारी असतो तिथली क्रिसोसेलिसची मादी बरोबर लयीची हाक हळू आवाजात येत असली तरी तिकडेच जायचा आग्रह धरते. शेजार नसलेल्या भागात मोठ्या आवाजाची भुरळ तिला अधिक पडते. हे गेऱ्हार्ट यांनी 1994 मध्ये दाखवलं. म्हणजे शेजाराची सगळी खूण नराच्या घशातच शोधून चालत नाही. ती मादीच्या कानातही असू शकते, आणि ती रेकॉर्डरवर उमटत नाही.

स्पेडफूटची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. बॉम्बिफ्रॉन्सची मादी नेहमी आपल्याच जातीचा नर निवडते असं धरून चाललं होतं. फेनिग यांनी 2007 मध्ये जे दाखवलं त्याने चित्र पालटलं. पाणी खोल असताना ती आपल्या नराकडे जाते. पाणी उथळ असेल तर मात्र तिचा कल परक्या मल्टिप्लिकेटाच्या हाकेकडे झुकतो, आणि अशक्त मादीच्या बाबतीत हे जास्त दिसतं. कारण असं, की उथळ डबकं लवकर आटतं आणि संकरित भैकेर शुद्ध बॉम्बिफ्रॉन्सच्या भैकेरांपेक्षा लवकर मोठे होऊन पाण्याबाहेर पडतात. त्यांच्यातले नर पुढे वांझ निघतात, पण मुली पिल्लं देऊ शकतात. सगळीच पिल्लं चिखलात सुकून मरण्यापेक्षा हे बरं. दोन-अडीच इंचांच्या प्राण्याने एका रात्रीत पाण्याची खोली, स्वतःची तब्येत आणि समोरची हाक या तिन्हींचा मेळ घालावा, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

शंका घेणाऱ्यांचं म्हणणंही इथे सांगायला हवं, कारण ते रास्त आहे. एकत्र राहतात तिथे हाका वेगळ्या दिसल्या, म्हणजे संकराच्या नुकसानीनेच त्या वेगळ्या केल्या, असं लगेच ठरत नाही. कदाचित ज्या गटांच्या हाका आधीपासून वेगळ्या होत्या तेच एकत्र टिकले असतील आणि बाकीचे मिसळून किंवा मरून गेले असतील. कदाचित संकर होतच नसेल, फक्त एकमेकांच्या आवाजात हाक बुडू नये म्हणून ती सरकली असेल. म्हणूनच आजकाल नुसत्या हाका मोजून कुणी थांबत नाही. माद्यांची आवड तपासायची, संकरित पिल्लांचं पुढे काय होतं ते पाहायचं, आणि वंशावळ जनुकांतून काढायची, अशी तिन्ही अंगं जुळली की मगच बोलायचं. स्यूडॅक्रिसचं उदाहरण मला पटतं ते यासाठीच.

आता परत आपल्या बांधावर. सह्याद्री हे जवळच्या नात्याच्या बेडकांचं मोठं घर आहे. झुडपातले टिकटिकणारे राओर्केस्टिस घ्या, किंवा भातखाचरातले किरकिरणारे मिनर्व्हार्या घ्या. दिसायला इतके सारखे, की त्यांच्या जाती वेगळ्या करताना अभ्यासकांना शरीराच्या मापांबरोबर जनुकांचा आणि हाकांचा आधार घ्यावा लागतो. गोव्याच्या नावाची मिनर्व्हार्या गोमंतकी ही जात 2015 साली नोंदली गेली. अशा जाती जिथे शेजारी-शेजारी ओरडतात आणि जिथे एकेकट्या ओरडतात, त्या दोन्ही ठिकाणच्या हाका शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी माझी फार इच्छा आहे. लिटलजॉन यांना त्यासाठी जड टेपरेकॉर्डर वाहून न्यावा लागला. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

तेव्हा या पावसात कुणी रेकॉर्डिंग करणार असाल तर एक करा. बटण दाबल्यावर आधी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, गाव आणि जागा सांगा: खाचर, ओढा, विहीर की झुडूप. साध्या थर्मामीटरने हवेचं आणि पाण्याचं तापमान बघून तेही बोला, कारण तापमान माहीत नसेल तर ठोके मोजून काहीच कळत नाही. मग टॉर्च विझवा आणि दोन मिनिटं अजिबात हलू नका. तुमची चाहूल लागून गप्प झालेले बेडूक एकेक करून पुन्हा सुरू होतील. आधी लांबचा, मग त्याच्या जवळचा, आणि शेवटी तुमच्या पायाशी बसलेला.